ताई-दादांचं प्रशिक्षण: हाताने करायचं विज्ञान आणि कला, पण आधी शिकवायचं काय?

खटाटोपी (धागाकर्ते)

कळवा आणि तुर्भे इथल्या चार वस्त्यांत दर शनिवारी दोन तासांची 'करून बघा' सत्रं सुरू व्हायची आहेत. मुलं चौथी ते आठवीची. सत्र घेणार वस्तीतलेच ताई-दादा, एकूण २० जण, वय १८ ते २४. बरेचसे कॉमर्सचे, काही आर्ट्सचे, दोघे आयटीआयचे. विज्ञानाशी दहावीच्या बोर्डानंतर गाठ नाही. जागा म्हणजे समाजमंदिर: एक ट्यूबलाइट, दोन सॉकेट, त्यातला एक चालू.

दिवाळीच्या सुट्टीत सलग पाच दिवस, दहा ते पाच, जेवणाचा एक तास सोडून प्रशिक्षण आहे. कच्चा आराखडा असा. पहिला दिवस प्रकाश (सूचिछिद्र म्हणजे पिनहोल कॅमेरा, पेरिस्कोप, कॅलिडोस्कोप), दुसरा वीज (मोटार, एलईडीचं भेटकार्ड, विद्युतचुंबक), तिसरा ध्वनी, चौथा फुलांचे दर्शक (आम्ल-अल्क ओळखायच्या रंगपट्ट्या) आणि घरगुती रसायनं, पाचवा कला (वारली, ओरिगामी, बाहुल्या). एकूण १५ मॉडेलं.

माझं मत: १५ मॉडेलं पक्की आली की १५ शनिवार सुटले, पुढचं त्यांचं त्यांना सुचत जाईल. काय गाळायचं, काय वाढवायचं ते सांगा. मोघम शुभेच्छा नकोत, नेमकं सांगा.

पुठ्ठाबहाद्दर

दहा गाळा.

हिशेब करू. पाच दिवस गुणिले सहा तास म्हणजे ३० तास. मॉडेलं १५. एकेकाला दोन तास. एवढ्यात ती वस्तू एकदा तयार होते, फोटो निघतो, पिशवीत जाते. एकदा केलेली वस्तू दुसऱ्याला शिकवता येत नाही. ती तीनदा करावी लागते: एकदा स्वतःच्या हाताने, एकदा बिघडलेली दुरुस्त करून, आणि एकदा दुसऱ्याच्या हातून (म्हणजे आपले हात पाठीमागे बांधून). त्या मापाने पाच दिवसांत पाच वस्तू बसतात, फार तर सहा.

पेरिस्कोप आणि कॅलिडोस्कोप दोन्ही कशाला? दोन्हींत आरसे चिकटवण्यातच वेळ जातो. सूचिछिद्र कॅमेरा ठेवा, पण मापं आधी ठरवा. छिद्र आणि पडदा यांत १५ सेंमी अंतर असेल तर चित्र सर्वांत रेखीव येतं साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राला. पण बटर पेपरवर ते इतकं अंधुक असतं की मुलं 'काही दिसत नाही' म्हणून डबा खाली ठेवतात. पहिलं छिद्र १ मिमीचं करा. चित्र थोडं मऊ येईल, पण दिसेल. मग अर्ध्या मिमीचं करून दोन्ही शेजारी ठेवा. 'मोठ्या भोकातून उजळ पण पुसट, लहानातून रेखीव पण अंधार' हे मुलं स्वतः बोलतात.

चुका ठरलेल्या असतात. छिद्र थेट पुठ्ठ्याला पाडतात, त्याच्या कडेला धागे राहतात. पुठ्ठ्याला रुपयाएवढी खिडकी कापून त्यावर अॅल्युमिनियम फॉइल लावा आणि सुई फॉइलला टोचा. दुसरी चूक म्हणजे खोलीत उभं राहून भिंतीकडे बघणं. उन्हात न्हालेली इमारत बघायची, आणि डोकं व डबा टॉवेलखाली घ्यायचं. सूर्याकडे डबा रोखून डोळा लावायचा नाही, हे मात्र ठणकावून सांगा.

निळा_लिटमस

वरच्या प्रतिसादातला हिशेब मान्य, पण मूळ अडचण वेगळी आहे. कॅमेऱ्यात चित्र उलटं का, असं मूल विचारणारच. त्यावर ताई 'कारण प्रकाशाचे नियम' म्हणाली तर पुढच्या शनिवारी मूल विचारणार नाही. कारागिरीआधी विषय पक्का हवा. पाचांतला पहिला अख्खा दिवस सहावी ते आठवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकातले निवडक धडे वाचायला द्या. चुकीचं विज्ञान सफाईने शिकवण्यापेक्षा काही न शिकवलेलं परवडलं.

तलावपाळी

'त्यातला एक चालू' वाचलं आणि धागाकर्ते खरोखर समाजमंदिरात जाऊन आलेत याची खात्री पटली. 😄

काडेपेटी

लिटमसराव, धडे वाचून विषय पक्का होत असता तर दहावी झालेल्या सगळ्यांचा असताच की. ताईला 'का' कळायला हवं हे बरोबर. पण ते वाचून कळणार नाही, बिघाड शोधताना कळेल.

त्यासाठी 'आजारी मोटारी' हा खेळ घ्या. मोटार नेहमीचीच: एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, स्पीकरमधून काढलेला चुंबकाचा तुकडा आणि वाइंडिंगच्या तारेचं वेटोळं. २४ गेजची तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. वेटोळं अडीच सेंमी व्यासाचं, दहा वेढे, दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंमी शेपटं. एका मोटारीला साधारण ९० सेंमी लागते, २० जणांना चुकांसकट २५ मीटर. ही तार मीटरला सव्वादोन ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे ५५ ग्रॅम. १०० ग्रॅम मागा, उरलेली पुढच्या शनिवारांना.

आता आदल्या रात्री सात मोटारी मुद्दाम बिघडवून ठेवायच्या:

१. दोन्ही शेपटांचं इनॅमल (तारेवरचा वीज अडवणारा थर) पूर्ण गोल खरवडलेलं. वेटोळं डुलतं, फिरत नाही. अर्ध्या फेऱ्यात जोर पुढे, उरलेल्या अर्ध्यात मागे.
२. एक शेपूट बिनखरवडलेलं. मेलेली मोटार.
३. एक शेपूट पूर्ण, दुसरं अर्धंच खरवडलेलं, पण वेटोळं टेबलावर आडवं ठेवून. हा सर्वांत लबाड आजार. चुंबक खाली असताना जोर मिळतो वेटोळं उभं असतं तेव्हा, म्हणून ते उभं धरून शेपटाची खालची अर्धी बाजू खरवडायची असते. आडवं ठेवून खरवडलं की वीज नेमकी नको त्या वेळी लागते.
४. दोन शेपटं एका रेषेत नाहीत. धडधडून थांबते.
५. वेटोळं आणि चुंबक यांत दोन सेंमीची फट.
६. उतरलेला सेल.
७. काहीही बिघाड नाही, फक्त बोटाने एक धक्का हवा.

जोडीला एक मोटार, पंधरा मिनिटं. कागदावर तीन ओळी: काय दिसतं, कशामुळे असेल, काय बदलून पाहिलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही अट. तिसऱ्या मोटारीपाशी माणसं आपसूक चुंबक-वीज-दिशा बोलू लागतात, आणि तेव्हा धडा वाचायला दिला तर तो अधाशासारखा वाचला जातो. सातवी मोटार नम्रता शिकवते. 😄

सावधगिरी: वेटोळं अडून राहिलं तर ती थेट शॉर्टच असते. सेल आणि पिना दहा-पंधरा सेकंदांत तापतात. साधे झिंक-कार्बन सेल घ्या, अल्कलाइन नकोत, आणि मोबाइलची किंवा लॅपटॉपची बॅटरी फोडून आणलेला लिथियम सेल तर अजिबात नको.

ठिपका

मला आराखड्यातला पाचवा दिवसच खटकला. चार दिवस विज्ञान आणि उरलेल्या दिवशी 'कला', म्हणजे जेवणानंतरची बडीशेप. शिवाय या २० जणांना आधीपासून काय येतं, ते कोणी विचारलेलं दिसत नाही.

त्यांतल्या निदान पाच-सहा जणींना ठिपक्यांची रांगोळी डोळे मिटून येत असेल. तिथून सुरुवात करा. '७ ते ४' घाला: मधली ओळ सातची, वर-खाली सहा, पाच, चार. एकूण ३७ ठिपके आणि बाहेरची आकृती षटकोन. 'सरळ सात' घाला: ४९ ठिपके, चौरस. आता सांगा, की पहिल्या मांडणीवर सहा पाकळ्यांचं फूल काढा, दुसरीवर चार पाकळ्यांचं. सोपं. मग सांगा, कोणत्याही मांडणीवर ठिपके न सोडता अचूक पाच सारख्या पाकळ्यांचं जास्वंद काढा.

जमत नाही. ठिपके वाढवा, तरी जमत नाही, कारण नियमित पंचकोनाचे पाचही कोपरे अशा जाळीच्या ठिपक्यांवर बसूच शकत नाहीत. हातसफाई असलेली मुलगी थोडं ओढूनताणून पाच पाकळ्या बसवते, आणि नेमकी तीच मोजपट्टी लावल्यावर म्हणते, 'ही पाकळी लांब झाली.' इथे कला कुठे संपली आणि भूमिती कुठे सुरू झाली, ते मला तरी दाखवता येणार नाही. खर्च: रांगोळीचा एक पुडा.

निळा_लिटमस

ठिपका, हे आवडलं. माघार पूर्ण नाही, अर्धी घेतो.

याच न्यायाने तिसऱ्या दिवशी ढोलकी वाजवणारा दादा पुढे बसवा. नुसत्या ताणलेल्या पडद्याचे स्वर एकमेकांशी सुरात नसतात, म्हणून साध्या डफातून 'ठप्प' येतं, सूर येत नाही. ढोलकीच्या किंवा तबल्याच्या शाईमुळे (तो काळा गोल थर) मधला भाग जड होतो आणि वरचे स्वर सुरात येऊन बसतात. यावर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच लिहिलं होतं. करून बघायला डब्याच्या तोंडावर फुगा ताणून बांधा, बोटाने वाजवा, मग मधोमध कणकेची चपटी गोळी चिकटवून वाजवा. तबला नाही होणार, पण आवाज खाली उतरलेला बहिऱ्यालाही कळेल. गोळी कडेला सरकवत नेऊन फरक ऐकायचा.

ध्वनीच्या दिवशी स्ट्रॉची पिपाणी धरली असेल तर थांबा. एकदाच वापरायच्या प्लास्टिक स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि कागदी स्ट्रॉची जीभ थुंकीने भिजून दोन मिनिटांत लोळागोळा होते. नारळाच्या पातीची पिपाणी करा. पात तिरकी गुंडाळत शंकू करायचा, शेवटचं टोक हिराने टोचून अडकवायचं, अरुंद तोंड बोटांनी हलकं चपटं करायचं. तोंड फार दाबलं तर हवाच जात नाही, कमी दाबलं तर नुसती फुंकर. ज्याची पिपाणी त्यानेच वाजवायची.

येऊरचा_पाऊस

पंधरा शनिवारांचं वेळापत्रक कॅलेंडर उघडून करा. बरेच प्रयोग हवेमुळे फसतात आणि दोष बिचाऱ्या ताईच्या माथी येतो.

जून ते सप्टेंबर: कंगवा घासून कागदाचे कपटे उचलणं बंद. आपल्याकडच्या दमट हवेत वस्तूंवर ओलाव्याचा पापुद्रा बसतो आणि विद्युतभार निसटून जातो. हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत, सकाळी. कागदाच्या लगद्याचे मुखवटे पावसाळ्यात वाळत नाहीत, चौथ्या दिवशी त्यांना बुरशी येते. (ती बुरशी भिंगाखाली बघायची, तर जुलै उत्तम.)

सावलीचे प्रयोग ऑक्टोबरनंतर. शून्य सावलीचा दिवस ठाण्यात वर्षातून दोनदा येतो, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. जुलैतला ढगात जातो, म्हणून मेचाच धरा. घड्याळात बाराला उभे राहाल तर फसाल. घड्याळ ज्यावर चालतं त्या ८२.५ अंश रेखांशापासून आपण साडेनऊ अंश पश्चिमेला आहोत, त्यामुळे मेच्या मध्यावर सूर्य डोक्यावर येतो १२:३५ च्या सुमारास. पाण्याची बाटली सपाट फरशीवर ठेवून १२:१५ पासून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूने नोंदवा.

भरती-ओहोटीही मस्त होते. ऐरोली-वाशीच्या बाजूची मुलं खाडी रोज बघतात. कोळी लोकांचा 'तिथीची पाऊणपट' हा हिशेब घ्या: अष्टमी असेल तर ८ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. खाडीत आत यावं तसा उशीर वाढतो. मुलांनी आठवडाभर नोंद ठेवली की भरती रोज पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते हे त्यांनाच सापडतं. मात्र नोंद पुलावरून किंवा धक्क्यावरून. चिखलात कोणी उतरायचं नाही.

चिकटराव

अवांतर, पण सगळी सत्रं गोंदापाशी अडतात म्हणून.

ग्लू गन आणू नका. एकाच सॉकेटवर वीस जण आणि तापलेलं नळकांडं. पांढरा फेव्हिकॉल पुठ्ठ्याला उत्तम, पण पाच मिनिटं दाबून धरावं लागतं, आणि मुलं दहाव्या सेकंदाला हात सोडतात. कपडे वाळत घालायचे चिमटे ५० आणा. कागद-लगद्याला खळ: एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. मैदा आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मगच गॅसवर. दुधट रंग जाऊन पारदर्शक झाली की उतरवा. मोरचूद चिमूटभर घातलं तर आठवडाभर टिकते.

स्क्रूवाला_काका

चिकटराव, मोरचूद नको हो! बुकबाइंडर घालतात ते ठीक, त्यांच्याकडे सहा वर्षांची पोरं खळीत बोटं बुडवून ती चाटत नाहीत. विष आहे ते. तुरटीची पूड चमचाभर घाला आणि दोन दिवसांत संपवा. तुरटीने कागद पुढे पिवळा पडतो म्हणतात, पण हे मुखवटे काही संग्रहालयात जायचे नाहीत.

चिकटराव

मान्य. मोरचूद मागे घेतो. (खळ घेत नाही.)

पारसिक

एलईडीचं भेटकार्ड ठेवणार असाल तर दोन गोष्टी.

एक, बटण सेल. तो गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांतही गंभीर भाजू शकते, आणि सत्राला धाकटी भावंडं येतातच. सेल मोजून द्या, मोजून घ्या, घरी पाठवू नका. सरळ होल्डरमधले दोन पेन्सिल सेल वापरा, व्होल्टेज तेवढंच, ३. मात्र तेव्हा प्रत्येक एलईडीला १०० ओहमचा रेझिस्टर लावा. बटण सेल फार प्रवाह देऊ शकत नाही म्हणून तिथे एलईडी निभावतो, पेन्सिल सेल त्याला जाळतील.

दोन, सर्वांत शिकवणारा बिघाड. बटण सेलवर लाल आणि निळा एलईडी समांतर जोडा. लाल लागतो, निळा विझतो. मुलं म्हणणार निळा खराब. लाल काढा, निळा लागतो! लालला दोनेक व्होल्ट पुरतात, निळ्याला तीनच्या आसपास हवेत. लाल प्रवाह ओढतो, दुबळ्या सेलचं व्होल्टेज खाली बसतं आणि निळा उपाशी राहतो. प्रशिक्षणात हा बिघाड मुद्दाम घडवा, उत्तर सांगू नका. (इथे बटण सेल फक्त प्रशिक्षकाच्या टेबलावर.)

तांब्याची पट्टी महाग पडते म्हणून फॉइलच्या पट्ट्या वापरतात. चालतं, पण जोडाच्या जागी फेव्हिकॉल लावला की वीज अडते. वळण आलं तर पट्टी दुमडा, तोडून चिकटवू नका. पाय घट्ट बसायला वरून सेलोटेप. एलईडी आणि रेझिस्टर लॅमिंग्टन रोडवर शेकड्याने घ्या, सुटे घेऊ नका.

शंकासूर

एवढं सगळं यूट्यूबवर आहे. ताईने मोबाइल प्रोजेक्टरला लावावा, मुलांनी बघून करावं. प्रशिक्षण कशाला?

स्क्रूवाला_काका

व्हिडिओतली मोटार पहिल्या फटक्यात फिरते. समाजमंदिरातली फिरत नाही. त्या दोन मोटारींमध्ये जी जागा आहे तिथे ताई उभी असते. आणि प्रोजेक्टर कुठल्या सॉकेटला लावणार, बंद की चालू?

कुंचला

ठिपकाशी सहमत, आणि वारलीबद्दल वेगळं बोलायचं आहे. ठाणे-पालघरच्या मातीतली कला असूनही आपल्या कार्यशाळांत वारली म्हणजे 'दोन त्रिकोण जोडा, झाला माणूस' एवढंच उरतं. तांबड्या कार्डशीटवर पांढरा अॅक्रिलिक, तारप्याभोवतीचा (तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य) गोल नाच, सगळ्यांचं चित्र सारखं.

मूळ काम वस्तूंपासून करून बघा. पुठ्ठ्यावर शेणमाती किंवा नुसत्या मातीचा हात, वाळला की गेरू. तांदूळ तासभर भिजवून वाटायचे, ताकाइतपत पातळ. नुसतं पीठ वाळल्यावर झडतं, म्हणून भिजवलेला डिंक मिसळायचा. बांबूची काडी टोकाला चावून किंवा ठेचून कुंचला. पहिली ओळ ओढताना दिसतच नाही, वाळल्यावर पांढरी उठते. इथे घाई करणारे थरावर थर देतात आणि वाळल्यावर रेषा बोटभर जाड दिसते. 'ओलं असताना फिकं, वाळल्यावर पांढरं, असं का?' हा प्रश्न तिथेच ठेवा. लिटमसरावांसाठी: ओल्या पिठाच्या कणांमधल्या फटी पाण्याने भरलेल्या असतात, प्रकाश फार विखुरत नाही. पाणी गेलं की त्या जागी हवा येते, प्रकाश जोरात विखुरतो.

लग्नाचा चौक (लग्नात भिंतीवर काढायचं चित्र) सुवासिनी काढतात, त्यात पालघट देवी असते, हे सांगूनच सुरुवात करा. जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं कागदावर आणि जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, हेही सांगा. मग मुलांना तारपा-नाच देऊ नका. 'आपल्या वस्तीतला नळावरचा सकाळचा गोंधळ काढा' म्हणा. त्रिकोण उसने, गोष्ट आपली.

बाहुल्यांना वेगळा दिवस नको, त्या प्रकाशाच्या दिवसातच घाला. पडदा मांजरपाटाचा. दिवा आणि पडदा यांत दोन मीटर. बाहुली मधोमध, दिव्यापासून एक मीटरवर धरली तर सावली दुप्पट, अर्ध्या मीटरवर चौपट. राक्षस मोठा करायचा तर बाहुली दिव्याकडे न्यायची, हे मुलं गोष्ट सांगण्याच्या गरजेतून शोधतात. ट्यूबलाइटची सावली लांबड्या उजेडामुळे पसरट येते, म्हणून मोबाइलचा टॉर्च. त्यात दोन एलईडी असतील तर कडा दुहेरी दिसते, एकावर काळी चिकटपट्टी लावा. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्यांना बारीक भोकं का पाडतात, तेही पडद्यामागे उभं राहिल्यावर कळतं.

ट्रान्सहार्बर

किट ठाण्याहून तुर्भ्याला लोकलने जाणार असेल तर ते एका पाठपिशवीत मावलं पाहिजे. एपीएमसीच्या घाऊक बाजारात सफरचंदाची खोकी फुकट मिळतात म्हणून पाच पदरी पुठ्ठा गोळा करू नका. तो मुलांच्या कात्रीने कापला जात नाही आणि गाडीत लोकांच्या गुडघ्यांना लागतो. मिठाईचे आणि बुटांचे खोके घ्या, उलगडून चपटे करा. कात्र्या बोथट टोकाच्या, दोघांत एक. कटर फक्त ताईकडे.

बाकावरची_बाई

सगळे वस्तूंबद्दल बोलताहेत. ताईच्या तोंडाबद्दल कोणीच नाही.

नवशिका कार्यकर्ता प्रश्न विचारतो आणि शांतता सोसत नाही म्हणून स्वतःच उत्तर देतो. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांत मोजून दाखवलं होतं, की प्रश्नानंतर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात. हे वाचून सुधारत नाही, मोजून सुधारतं.

म्हणून चौथ्या दिवशी खरी मुलं आणा. एका ताईकडे पाच मुलं, शेजारी दुसरा दादा निरीक्षक, हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर चारच खाने: कात्री कोणाच्या हातात होती (दर दोन मिनिटांनी खूण), प्रश्नानंतर किती आकडे मनात मोजून झाले, ताईने मुलाच्या हातातली वस्तू किती वेळा घेतली, कोणतं मूल अजिबात बोललं नाही. 'छान झालं' असा खाना ठेवायचाच नाही. संध्याकाळी जोडीने चिठ्ठी वाचायची, मोठ्याने नाही. पाचव्या दिवशी तेच सत्र, नवी मुलं, भूमिका उलट.

आणि लिटमसरावांच्या शंकेवर: 'मला माहीत नाही, कसं शोधता येईल?' हे वाक्य वीसही जणांकडून प्रत्यक्ष बोलून घ्या. सोपं वाटतं, पण जिभेवर येत नाही.

निळा_लिटमस

उरलेली अर्धी माघारही घेतली. फक्त चौथ्या दिवसाच्या दर्शकांबद्दल एक सूचना: जास्वंदीचा किंवा गोकर्णाचा रस झेरॉक्सच्या कागदावर लावू नका. त्या कागदात बहुधा चुनखडीची भुकटी असते, तो स्वतःच अल्कधर्मी. पट्टी लिंबू लावायच्या आधीच हिरवट-करडी होते आणि सगळा गट गोंधळतो. गाळणकागद घ्या. हळदीची पट्टी साबणाला लाल होईल, पण लिंबाला ढिम्म. म्हणजे 'बदल नाही' याचा अर्थ 'पाणी' असा नाही, हा मुद्दा हळदीवरच शिकवावा.

पुठ्ठाबहाद्दर

मूळ प्रश्नाकडे. 'पुढचं सुचत जाईल' हे सुचत नाही. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ मध्ये १६ शाळांत जो विज्ञान कार्यक्रम सुरू झाला, त्यात शिक्षक प्रशिक्षणात स्वतः मुलांसारखे प्रयोग करत, आणि नंतर महिन्याला एकत्र बसून अडलेलं सोडवत. तो कार्यक्रम २००२ पर्यंत चालला. पाच दिवस हवेत विरतात, महिन्याची बैठक टिकवते. तुमचे सलग पाच दिवस तीनवर आणा आणि उरलेले दोन दिवस चार अर्ध्या दिवसांत मोडून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ठेवा. बैठकीला येताना एक न चाललेली वस्तू आणायची, चाललेली नाही.

बाकावरची_बाई

तीन दिवसांत खरी मुलं दोनदा बसत नाहीत. चार करा, एकच दिवस मोडा.

खटाटोपी

१५ वरून ७ वर आलो. बदललेला आराखडा:

सलग चार दिवस. पहिला: सकाळी '७ ते ४' रांगोळी, दुपारी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे आकार (त्रिकोण घट्ट, चौकोन ढिला). दुसरा: मोटार आणि आजारी मोटारी. तिसरा: सकाळी सूचिछिद्र कॅमेरा, दुपारी सावल्यांच्या बाहुल्या, संध्याकाळी 'मला माहीत नाही'चा सराव. चौथा: सकाळी २० मुलांचा गट, दहा ताई-दादांच्या हाताखाली दोन-दोन मुलं आणि दहा निरीक्षक, दुपारी दुसरी मुलं, भूमिका उलट. बाई, पाच-पाच मुलं जागेत बसत नाहीत, क्षमस्व. वारली आणि फुलांचे दर्शक रविवारच्या दोन बैठकांना, दर्शक गाळणकागदावर. एलईडी जानेवारीपर्यंत नाही.

एक प्रश्न उरला. व्हॉल्व्ह ट्यूब किती घेऊ? ५ मीटर पुरेल?

काडेपेटी

नाही पुरणार. दीड सेंमीचा एक तुकडा. त्रिकोणाला ३, चौकोनाला ४, चतुष्फलकाला (चार त्रिकोणी बाजूंचा आकार) ४, घनाला ८. माणशी १९ तुकडे, म्हणजे साडेअठ्ठावीस सेंमी. २० जणांना ५.७ मीटर, फाटलेले धरून ७ घ्या. तीन काड्यांच्या जोडासाठी तुकड्याच्या मधोमध बाभळीच्या काट्याने आरपार नाही, एकाच बाजूने भोक पाडायचं, आणि तिसरी काडी टोक काढून तिथे खुपसायची. काड्या लाकडीच बघून घ्या, मेणाच्या वाकतात. गूल आधी खरवडून टाका, आणि ते काम मुलं येण्याआधी.

तलावपाळी

आणि सॉकेटचं बघा कोणीतरी.

खटाटोपी

आयटीआयचे दोघे आहेत ना. पहिली आजारी वस्तू तीच.